मदत हवी आहे: प्रवाळावरचा हा काचेसारखा चिमुकला मासा कोणता?

नमस्कार मंडळी,

इथे स्कूबा करणारे आणि माशांचं वेड असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

गेल्या महिन्यात अंदमानात हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) गेले होते. १४ मीटरवर मोठ्या गोलसर प्रवाळावर ख्रिसमस ट्री वर्म्स (प्रवाळात राहणारे, झाडासारखा रंगीत तुरा बाहेर काढणारे किडे) होते, त्यांचे फोटो काढत बसले. घरी येऊन एक फोटो मोठा करून पाहिला, तर वर्मच्या शेजारी दोन डोळे! नुसते डोळेच. अंग दिसायला अजून मिनिटभर गेलं. शिजलेला साबुदाणा कसा दिसतो, अगदी तसं. नवरा म्हणाला लेन्सवर डाग आहे. पुढच्या फोटोत डाग दोन बोटं सरकलेला होता, त्यामुळे तो वाद मिटला.

आकार वर्मवरून मोजला: वर्मचं झाड साधारण सेंटीमीटरभर धरलं तर मासा दोन-अडीच सेंटीमीटर. पाठीचा कणा आरपार दिसतो आणि त्यावर पांढऱ्या तुटक रेघा आहेत. त्याखाली तोंडापासून शेपटीपर्यंत एक जाड रेघ जाते, पण ती कातडीवर नाही, आतून आहे. फ्लॅशच्या फोटोत ती विटकरी, बिनफ्लॅशच्या फोटोत काळपट. (लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मरतो, म्हणून विटकरीच खरी धरतेय.) तिन्ही फोटोंत तो प्रवाळाला चिकटून बसलाय, पोहताना एकदाही नाही.

गोबी आहे इथवर पोचले. म्हणजे आपल्या निवटीच्या नात्यातला, फक्त चिखलाऐवजी प्रवाळावर राहणारा. पुढे गाडी अडली. माझी यादी अशी:

ब्रायनिनॉप्स योंगेई: हा तर चाबकासारख्या व्हिप कोरलवरच राहतो, बहुतेक जोडीने. माझा प्रवाळ दगडासारखा, म्हणून बाद.

ब्रायनिनॉप्स नेटन्स: जांभळट डोळे, पिवळं पोट, अक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळावर थव्याने तरंगतो. माझा एकटा आणि ठिय्या मारून बसलेला. हाही बाद.

एव्हिओटा: यावर अडकलेय. हेही एवढेसेच आणि प्रवाळावर बसणारे. (एव्हिओटा सिजिलाटा जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, हे वाचून उगाच हळवी झाले. माझा मासा तो असेल, तर फोटो ओळखेपर्यंत त्याचं आयुष्य उरकलेलं असायचं.)

प्ल्युरोसिकिया: नाव सापडलं, पण प्रत्येक जातीची चित्रं एकसारखीच दिसतात.

फेब्रुवारीत परत जातेय. नक्की काय टिपलं तर ओळख पटेल? प्रवाळाला हात न लावता हं, यावेळी आमच्या इन्स्ट्रक्टरने त्यावरून पाण्याखालीच डोळे वटारले होते.

प्रतिसाद १:
मला प्ल्युरोसिकिया मिशेली वाटतो. कण्यावर पांढरे तुटक ठिपके, खाली आतून जाणारा लालसर-तपकिरी पट्टा आणि कठीण प्रवाळावरचं घर, तिन्ही जुळतात. ख्रिसमस ट्री वर्म्स बहुतेक पोराइट्स या दगडासारख्या कठीण प्रवाळावर असतात, म्हणजे तुमचा दगडही तोच असणार. मऊ प्रवाळावर असता तर प्ल्युरोसिकिया मोझांबिकाचा विचार केला असता.

एव्हिओटा वेगळा काढायचा तर पोटाखालचे पर बघा. एव्हिओटाचे दोन्ही पर सुटे असतात. प्ल्युरोसिकिया आणि ब्रायनिनॉप्समध्ये ते जुळून वाटीसारखी चकती होते, तिच्या जोरावरच तो लाटेतही दगडावर टिकतो. वरून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसणार नाही. कॅमेरा माशाच्या पातळीला आणा, बाजूने घ्या, आणि टॉर्च समोरून न मारता तिरका धरा, नाहीतर आरपार अंगातून उजेड निघून जातो.

धागाकर्ती:
वाटी! तिसऱ्या फोटोत पोटाखाली एक धूसर गोल आहे, मी तो प्रवाळाचा खड्डा समजत होते. आता पुन्हा मोठा करून बघितला तर कडा माशाच्याच बाजूला चिकटलेली आहे. फोटो इतका फुटतो की शपथेवर नाही सांगणार, पण एव्हिओटावर काट मारतेय. आणखी कोणाकडे पोराइट्सवरच्या मिशेलीचा बाजूने काढलेला फोटो असेल तर इथे टाका, शेजारी ठेवून नाकाचा आकार ताडून पाहायचाय.