दर रविवारी लॉकडाऊन? मला मान्य नाही

इस्त्रीवाला_ठाणे
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली. '२०२० मध्ये निसर्गाने मोकळा श्वास घेतला, जालंधरहून हिमालयातल्या धौलाधार रांगेचा बर्फ दिसला. दर रविवारी लॉकडाऊन ठेवा, प्रदूषण संपेल.' खाली नुसते हात जोडलेले. मला राहवेना, म्हणून इथे लिहितोय.

हवा सुधारली नाही असं मी म्हणत नाही. गाड्या थांबल्या आणि नायट्रोजन डायऑक्साइड झपकन उतरला, कारण तो काही तासांतच विरतो. पण २५ मार्चपासून माझं दुकान तीन महिने बंद होतं. समोरच्या गच्चीवरून निळ्या आभाळाचे फोटो निघत होते आणि मी बायकोच्या बांगड्या गहाण टाकत होतो. आता रविवारही घ्या म्हणता? माझा निम्मा धंदा रविवारचा आहे.

रेवाची_आई
तुमच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं. पण माझ्या मुलीला दमा आहे. त्या एप्रिल-मेमध्ये पंप कपाटातून बाहेर काढावा लागला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. तिच्या छातीतली घरघर ऐकत मी रात्री काढल्या आहेत, मला आकडे नकोत.

एप्रिल_विरुद्ध_एप्रिल
ताई, शाळा बंद होती, सर्दी-खोकला घरी आणायला कुणी नव्हतं. श्रेय एकट्या हवेला कसं देता? आणि तुलना करताना जानेवारीशी करू नका. मुंबईत एप्रिलला समुद्रवारा धूळ उडवून नेतोच, थंडीत तीच धूळ खाली साचते. उत्तरेत तर त्या मार्चमध्ये पाऊसही झाला होता. शिवाय काही शहरांत जमिनीलगतचा ओझोन वाढला, तोही छातीला त्रासच देतो. त्याला खाणारा गाड्यांचा नायट्रिक ऑक्साइड कमी झाला आणि वर कडक ऊन. सूक्ष्म कणही शून्यावर आले नाहीत. चुली, कचरा, कोळसा चालूच होतं.

रेवाची_आई
म्हणजे मला भास झाला?

एप्रिल_विरुद्ध_एप्रिल
असं म्हटलं नाही मी.

चांद्याचा
कोळशाचं नाव निघालं म्हणून बोलतो. तुमच्या शहरांनी श्वास घेतला म्हणे! तुम्ही घरात बसून पंखे, टीव्ही लावले, त्याची वीज कुठून आली? वीज अत्यावश्यक सेवा होती बाप्पा. आमच्या चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं. अंगणात कपडे वाळत घातले की काळी भुकटी बसते, ती मुंबईच्या बातम्यांत येत नाही. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचे नियम डिसेंबर २०१५ चे, मुदत २०१७ ची. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक वीजसंचांना सूटच मिळाली.

इस्त्रीवाला_ठाणे
दादा, धागा शहरांचा आहे.

चांद्याचा
चंद्रपूर काय खेडं आहे? माझे वडील खोकून खोकून गेले. धागा तुमचाच ठेवा.

इस्त्रीवाला_ठाणे
तसं म्हणायचं नव्हतं. चुकलं माझं. माझी इस्त्री विजेवरच चालते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

एप्रिल_विरुद्ध_एप्रिल
सूट मिळाली कारण हा वायू अडवणारी यंत्रणा बसवायचा खर्च प्रचंड आहे, तो शेवटी बिलातच येणार.

चांद्याचा
मग येऊ द्या की बिलात! आज तो खर्च आम्ही दवाखान्यात भरतोय, पावती फक्त वेगळी. युनिटमागे चार पैसे जास्त द्यायला तुमची तयारी आहे का, एवढं सांगा.

रेवाची_आई
माझी आहे. आणि खर्चाचं कारण देणाऱ्यांनी एकदा मुलांच्या वॉर्डात रात्र काढून बघावी.

एप्रिल_विरुद्ध_एप्रिल
ठीक आहे. खर्चाचा मुद्दा मी हिशेब म्हणून मांडला, सूट योग्य होती असं नाही. ओझोनचं मात्र मी मागे घेणार नाही.

रेवाची_आई
नका घेऊ. रविवारचा हट्ट मीही सोडते, इस्त्रीवाले दादांच्या पोटावर पाय नको. पण आमच्या शेजारी जुनी इमारत पाडतायत, ना पाणी मारत ना कापड लावत. ७० मीटरहून उंच बांधकामाला ३५ फुटी पत्रे हवेत, असं मुंबई महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरात बजावलं होतं. इथे एक पत्रा नाही. पंप परत उशाशी आला आहे.

इस्त्रीवाला_ठाणे
ताई, तक्रार लिहा, सही मी करतो. दुकानात येणाऱ्यांच्याही घेतो. धुतलेल्या शर्टावर तीच धूळ बसते माझ्या.