फोल्डर डिलीट होऊनच नाही राहिलं, 'कुड नॉट फाइंड धिस आयटम' म्हणते

महालचा_फोटूवाला

नमस्कार मंडळी. महालात माझं फोटो स्टुडिओ अन् झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. कम्प्युटर मला कामापुरता येते. फोटोशॉप उघडणं, पासपोर्टच्या आठ कॉप्या काढणं, गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधला व्हायरस आपल्याकडे न येऊ देणं, संपलं.

आता अडचण ऐका. डी ड्राइव्हमध्ये 'जुना डेटा' नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आत 'मारबत' नावाचं एक. हे आतलं 'मारबत' काही केल्या जाऊन नाही राहिलं. डिलीट दाबलं की डबा येते: 'कुड नॉट फाइंड धिस आयटम, धिस इज नो लाँगर लोकेटेड इन' अन् पुढे अख्खा पत्ता. अरे बाप्पा, डोळ्यासमोर दिसून राहिलं, पिवळंधम्मक, अन् हे म्हणते सापडत नाही! डबल क्लिक केलं तं उघडतही नाही. प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं तं शून्य बाइट.

तुम्ही म्हणाल शून्य बाइटचं आहे तं पडू दे नं एका कोपऱ्यात. मीही तेच म्हणत होतो. पण 'जुना डेटा' बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायला घेतला की गाडी बरोबर तिथेच अडकते. पोळा तोंडावर आला, दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतींची, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, मला डी ड्राइव्ह खाली पाहिजे. अख्खं नागपूर त्या दिवशी ओरडते, इडा-पीडा घेऊन जा गे मारबत. माझी मारबतच घरातून हलत नाही, तिला कोण घेऊन जाईल?

करून पाहिलेलं: दोनदा रीस्टार्ट. सेफ मोड. रात्रभर अँटीव्हायरस (कूलर पीसीकडे फिरवून ठेवला होता, बायको वेगळी चिडली). मग एका व्हिडिओत पाहून काळ्या खिडकीत मालकी घ्यायची ती 'टेकओन'वाली कमांड मारली, तं तीही म्हणते फाइल सापडत नाही. विंडोज १० आहे. कोणाला काही सुचते का?

इतवारी_एक्सप्रेस

भाऊ, फोल्डर कुठल्या तरी प्रोग्रामने धरून ठेवलं असेल. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळते, त्यात फाइल लॉकस्मिथ आहे. फोल्डरवर राइट क्लिक केलं की कोणी धरलं ते दाखवते, तिथूनच त्या प्रोग्रामला हाकला. नाही तं रिसोर्स मॉनिटर उघडून सीपीयूच्या टॅबमध्ये हँडल्सच्या खाली नाव टाकून शोधा. माझ्याकडे एकदा फोटोशॉपच धरून बसलं होतं.

महालचा_फोटूवाला

पॉवरटॉइज टाकलं भाऊ. लॉकस्मिथ म्हणते कोणीच धरलं नाही. म्हणजे चोर नाही, पण माल जात नाही.

फॉरमॅट_मास्टर

एवढं डोकं कशाला लावता? डेटा दुसरीकडे काढा आणि डी ड्राइव्ह फॉरमॅट मारा. पंधरा मिनिटांचं काम.

टर्मिनल_ताई

फॉरमॅट मास्टर, डेटा दुसरीकडे निघत नाही हीच तर त्यांची तक्रार आहे. चपलेला खिळा लागला म्हणून पाय कापायचा नसतो.

फोटूवाले दादा, मी मिहानमध्ये सर्व्हरच्या कामात आहे, हा आजार ओळखीचा वाटतो. तुमचं निम्मं उत्तर त्या डब्यातल्या वाक्यातच आहे. कोणी फोल्डर धरून ठेवलं असतं तर विंडोजने 'फोल्डर इन यूज' म्हटलं असतं. परवानगीची भानगड असती तर 'अॅक्सेस डिनाइड' किंवा 'यू नीड परमिशन' आलं असतं. तुम्हाला 'सापडत नाही' म्हणतंय. म्हणजे नावातच घोळ आहे. लोक संदेश न वाचता ओके दाबतात आणि मग भलत्याच आजाराचं औषध घेत बसतात. टेकओनचं तेच झालं.

दोन गोष्टी सांगा. एक, त्या फोल्डरवर एकदा क्लिक करून एफ २ दाबा, मग एंड. कर्सर 'त'ला चिकटून उभा राहतो की थोडं अंतर सोडून? दोन, हे फोल्डर मुळात बनवलं कोणी आणि कशावर?

आणि तोपर्यंत कृपा करून काही डिलीट करू नका. का ते नंतर सांगते.

महालचा_फोटूवाला

ताई, अंतर सोडून! 'त'च्या नंतर एक रिकामी जागा आहे. बॅकस्पेसने खोडून एंटर मारलं तं पुन्हा तोच डबा.

बनवलं भाच्याने. मागच्या वर्षी मिरवणुकीनंतर दोनच दिवसांनी विंडोज सुरूच होईना. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो उबुंटूचा (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सवाली सिस्टम) पेन ड्राइव्ह घेऊन आला, त्याच्यावर पीसी चालू केला अन् सी ड्राइव्हमधून माझे फोटो डी मध्ये हलवले. मग बर्डीवरून एकाला बोलावून विंडोज नव्याने टाकून घेतलं. उबुंटूवर मराठी येत नव्हतं म्हणून त्याने इंटरनेटवर इंग्रजीत 'मारबत' लिहून मराठी करून घेतलं अन् तिथून कॉपी-पेस्ट मारलं, एवढं आठवते.

टर्मिनल_ताई

सापडली तुमची मारबत. त्या मराठी करून देणाऱ्या पानांवर इंग्रजीत शब्द लिहायचा आणि स्पेस दाबायची, की तो मराठीत बदलतो. स्पेस मागे राहते. भाच्याने शब्दासोबत तीही कॉपी केली. आपण सगळेच असं करतो. फक्त विंडोजवर हे कधी लक्षात येत नाही, कारण फोल्डरला नाव देताना शेवटी स्पेस किंवा टिंब असेल तर विंडोज ते गुपचूप छाटून टाकतं. उबुंटूला असली सवय नाही. त्याने एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत) डिस्कवर जसंच्या तसं 'मारबत-आणि-स्पेस' लिहून ठेवलं. डिस्कच्या हिशेबाने ते नाव अगदी वैध आहे.

आता तुम्ही त्यावर डिलीट दाबता. विंडोजचा एक्सप्लोरर यादीत नाव बघतो, म्हणून ते डोळ्याला दिसतं. पण शोधायला जाताना पुन्हा सवयीने स्पेस छाटतो आणि नुसत्या 'मारबत'ला हाका मारतो. त्या नावाचं तिथे कोणी नाहीच. रेशनच्या दुकानात कार्डावर 'रामराव' असतं आणि बाबू 'राम' म्हणून पुकारतो, तसं. रामराव समोर उभे, पण त्यांचा नंबर काही लागत नाही. ही छाटायची खोड डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टमच्या काळातली आहे. तेव्हा नाव आठ अक्षरांचं, पुढे तीन, आणि कमी पडली तर डिस्कवर उरलेल्या जागा स्पेसनेच भरलेल्या. म्हणजे शेवटच्या स्पेसला किंमतच नव्हती.

आता डिलीट का करू नका म्हटलं ते. शून्य बाइट दिसतंय ते रिकामं आहे म्हणून नाही. एक्सप्लोररला आत जाताच येत नाही, मग तो मोजणार काय? भाच्याने त्यात फोटो हलवले असं तुम्हीच म्हणताय. आधी आत बघा.

सगळ्यात सोपा रस्ता सेव्हन-झिप, ते झिप फाइली उघडायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, बहुतेक तुमच्याकडे असेलच. पण राइट क्लिकच्या मेनूतून नको. स्टार्टमधून 'सेव्हन-झिप फाइल मॅनेजर' उघडा, डी ड्राइव्ह, 'जुना डेटा', आणि तिथून 'मारबत'वर डबल क्लिक. हा मॅनेजर नाव न छाटता थेट मागतो, त्यामुळे उघडेल. आत काय आहे ते पाहून घ्या. ठेवायचं असेल तर बाहेर येऊन एफ २ दाबा आणि स्पेस खोडा. काढायचंच असेल तर शिफ्ट धरून डिलीट. शिफ्टने गेलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही, हे ध्यानात असू द्या.

काळ्या खिडकीतूनही होतं, पण तुमच्यासाठी ते थोडं वाकडं आहे. मी फोनवरून मराठीत लिहितेय, तुम्ही अक्षरं इंग्रजीत समजा: आर-डी, स्पेस, स्लॅश-एस, स्पेस, मग अवतरणचिन्हात पूर्ण पत्ता. त्या पत्त्याच्या आधी दोन बॅकस्लॅश, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक बॅकस्लॅश. या चार चिन्हांचा अर्थ असा की बाबा, मी सांगतो तेच नाव घे, आपली अक्कल चालवू नको. अडचण अशी की त्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी बरेचदा नुसते चौकोन दिसतात, आणि चौकोनांमध्ये स्पेस बरोबर पडली की नाही ते कळत नाही. तिथे चुकून वरच्याच फोल्डरचा पत्ता गेला तर 'जुना डेटा' अख्खा साफ. म्हणून सेव्हन-झिपच करा.

इतवारी_एक्सप्रेस

ताई, 'डिर' कमांडला स्लॅश-एक्स लावलं की छोटं इंग्रजी नाव दिसते नं, तिल्डे (ते नागमोडी चिन्ह) आणि एकवालं? ते वापरून उडवता येईल.

टर्मिनल_ताई

येतं, पण ते छोटं नाव असेल तर. लिनक्सने बनवलेल्या फोल्डरला ते बहुतेक नसतंच, आणि नव्या विंडोजवर फॉरमॅट केलेल्या डेटाच्या ड्राइव्हवर छोटी नावं सहसा बंदच असतात. रकाना रिकामा दिसेल.

बरं झालं विषय निघाला, एक राहूनच गेलं. एखाद्या जागी अगदी एकसारख्या नावाची दोन फोल्डर दिसली, एक स्पेसवालं आणि एक साधं, तर एक्सप्लोररमधून कशालाही हात लावू नका. स्पेसवाल्यावर डिलीट दाबलं तरी तो नाव छाटून शेजारच्या चांगल्या फोल्डरवर जाऊ शकतो. आमच्याकडे एकाचं असं झालंय. त्या दिवशी कोणी कँटीनमध्ये चहाला गेलं नाही.

सीआयटी_बॅच

नावावरून आठवलं. एमएस-सीआयटीच्या क्लासला आमचे सर पहिल्याच दिवशी पैज लावायचे: 'कॉन' नावाचं फोल्डर बनवून दाखवा, समोसा माझ्याकडून. सी, ओ, एन. सगळा वर्ग तास-तासभर खपायचा. आज कळलं, हे पण तसलंच काही असेल.

टर्मिनल_ताई

चुलतभाऊ म्हणा. कॉन म्हणजे कन्सोल, डॉसच्या काळापासून ते नाव यंत्रासाठी राखून ठेवलंय. ऑक्स, पीआरएन, नल, कॉम १, एलपीटी १ ही पण त्याच घराण्यातली. त्या चार चिन्हांनी असलं फोल्डर बनवताही येतं आणि काढताही येतं. सरांचा समोसा तेव्हा सुटला असता.

गोरेवाड्याचा_वाघ

याच धाग्यात विचारतो, रागावू नका. माझंही एक जात नाही, पण संदेश वेगळा आहे. फाइलचं नाव फार लांब आहे म्हणते. झिपच्या आत झिप, त्याच्या आत पुन्हा त्याच नावाचं फोल्डर, असं पाताळापर्यंत गेलंय.

टर्मिनल_ताई

तुमचा आजार दुसरा, पत्ता लांब झालाय. एक्सप्लोररला ड्राइव्हच्या अक्षरापासून शेवटपर्यंत धरून साधारण २६० अक्षरांच्या पुढचा पत्ता झेपत नाही. एनटीएफएसला ३२,००० च्या वर चालतात. वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करत खाली उतरा, पत्ता आखूड झाला की जातं. कंटाळा आला तर सेव्हन-झिपमधून शिफ्ट-डिलीट, तेच औषध लागू पडतं.

महालचा_फोटूवाला

ताई, झालं! पण डिलीट नाही केलं.

सेव्हन-झिपमधून 'मारबत' उघडलं तं आत तीन फोल्डर. काळी मारबत, पिवळी मारबत अन् बडगे, म्हणजे मिरवणुकीतले दुसरे पुतळे. बडग्यांचं उघडलं अन् मी खुर्चीतच बसलो. आमच्याकडच्या एका मंडळाने मागच्या वर्षी त्यांच्या बडग्याचे फोटो काढायला मला सांगितलं होतं. विंडोज गेलं, फोटो सापडले नाहीत, भाचा म्हणे मी तं सगळे हलवले, मी म्हटलं हलवले तं गेले कुठे बे. शेवटी मंडळाला आगाऊ घेतलेले १५०० रुपये वापस केले, वरून अध्यक्षाचं चार लोकांत बोलणं खाल्लं. ते २१४ फोटो ह्याच्यातच होते, वर्षभर. मी शून्य बाइट, शून्य बाइट करत रोज त्यालाच हाकलून राहिलो होतो.

एफ २ दाबून स्पेस खोडली. आता एक्सप्लोररमध्ये डबल क्लिकने उघडते अन् प्रॉपर्टीजमध्ये ११ जीबी दाखवते. 'जुना डेटा' रात्री बाहेरच्या डिस्कवर लावला होता, सकाळी पाहिलं तं पूर्ण उतरला.

भाच्याला फोन केला. वर्षभर त्याला बोललो होतो म्हणून आधी थोडं चाचरलो. तो म्हणे मामा, मी म्हटलं होतं नं. मग पुढच्या वाक्यात विचारते, तर्री पोहे कधी खाऊ घालता.

इतवारी_एक्सप्रेस

अन् मंडळाचे फोटो?

महालचा_फोटूवाला

प्रिंट काढून राहिलो. परवा नेऊन देतो. पैशाचं त्यांच्यावर आहे, मी तोंडाने नाही मागणार. पण अध्यक्ष चार लोकांत असतानाच जाईन म्हणतो.