नवीन युजर अकाउंटने भागणार नाही

एकाने विचारलंय की आपण बनवलेल्या प्रोग्रामचा इन्स्टॉलर दुसऱ्याच्या मशीनवर चालेल का हे बघायला आपल्याच मशीनवर नवीन युजर अकाउंट काढून तो टेस्ट केला तर चालेल का. नाही हो, व्हिज्युअल स्टुडिओ (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर) असलं की त्याच्या रनटाइम डीएलएल, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइल्स, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि त्या सगळ्याच युजरना मिळतात, मग तुमचा इन्स्टॉलर त्या सोबत नेतोय की नाही हे कळणार कसं? व्हिज्युअल स्टुडिओ नसलेल्या कोऱ्या मशीनवर मात्र, इन्स्टॉलर त्या नेत नसेल तर लगेच 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही' अशी पाटी येते. आणि १४० च्या पुढे डी दिसला तर चुकून डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीची आवृत्ती) पॅक झालाय, ती फाइल रीडिस्ट्रिब्युटेबलमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वाटता येणाऱ्या रनटाइम पॅकेजमध्ये, नसतेच, उगाच शोधत बसू नका.

विंडोज १० प्रो असेल (१९०३ आवृत्तीपासून पुढचं) तर विंडोज सँडबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आतलं तात्पुरतं कोरं विंडोज, चालू करा, बंद केलं की सगळं पुसलं जातं. विंडोज होमला ते नाही, तिथे व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर) नुसतं विंडोज टाकून स्नॅपशॉट, म्हणजे त्या स्थितीची जतन केलेली प्रत, घ्यायचा आणि दर टेस्टआधी त्यावर परत जायचं. लोक नेमका इथेच कंटाळा करतात, अनइन्स्टॉल केलं की झालं म्हणतात, पण रनटाइम बहुतेक वेळा मागे राहतंच की. हां, एकदा नेट बंद करूनही चालवून बघा, काही इन्स्टॉलर गुपचूप डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचं आणखी एक रनटाइम) डाउनलोड करत असतात.