वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा: दसऱ्यानंतर दोन दुचाक्या, पुढे कोणी राहायचं?

किकमार:
नमस्कार मंडळी. दसरा झाला की मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र घाट करायला निघतोय. माझी 125ची शाइन, त्याची 350ची बुलेट. एका घाटानं कोकणात उतरायचं आणि पुढच्या घाटानं परत देशावर चढायचं, असा धावदोऱ्यासारखा मार्ग आखलाय. पुणे, भोर, वरंध, महाड, मग पोलादपूरवरून आंबेनळीनं महाबळेश्वर. तिथून मेढा, सातारा, उंब्रज, पाटण करत कुंभार्लीनं चिपळूण. संगमेश्वर, देवरुख, साखरपा करून आंबा घाट चढून कोल्हापूर. जमलं तर गगनबावड्यावरून करूळ उतरून सावंतवाडी आणि आंबोलीनं वर. सुट्टी चार दिवस.

रस्त्यांची हालत सांगा. दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. मित्राचं म्हणणं, बुलेट पुढे राहणार, "तू ये तुझ्या चालीनं, फाट्यावर भेटू." मला पटत नाही, पण का ते त्याला धड सांगता येत नाही. तुम्ही काय करता?

लाल डबा:
चिपळूण आगारात ड्रायव्हर होतो, सगळी नोकरी कुंभार्लीत काढली. आता निवृत्त आहे, आणि चैन पडत नाही म्हणून त्याच घाटात स्प्लेंडर घेऊन फिरतो. तेव्हा एसटीच्या सीटवरून दुचाकीवाले कसे दिसतात ते सांगतो.

अवघड वळणावर आम्ही एसटीचं तोंड पार बाहेरच्या कडेला नेतो, नाहीतर ती वळतच नाही. त्या वेळी आतल्या बाजूला चांगली ऐसपैस जागा मोकळी दिसते. घाईतला पोरगा हमखास तिथं घुसतो. पण एसटीचं मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं येत नाही, आत कापत येतं. बघता बघता फट मिटते, आणि तो कुठं आहे हे ड्रायव्हरला आरशातही दिसत नाही. म्हणून हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर कडेला थांबायचं. गाडी पूर्ण निघू दे, मग जा. आणि तू उतरत असशील तर चढणाऱ्याला वाट आधी. हा नियम आहे, उपकार नाहीत.

आता पुढे कोण. कमी ताकदीची गाडी पुढे, डोळे झाकून. शाइनच्या चालीनं चालायला बुलेटला काही कष्ट नाहीत. उलट केलंस तर बुलेट दोन वळणं पुढे जाते, दिसेनाशी होते, मागचा तिला गाठायला ताणतो आणि नको तिथं ट्रकला ओव्हरटेक करतो. रस्त्याकडेला पडलेले जे मी पाहिले ते बहुतेक असे मागचेच होते. शिवाय मागच्याची गाडी पंक्चर झाली तर पुढच्याला ते कळणार कधी? फाट्यावर दोन चहा झाल्यावर.

उतारावर गाडी बंद करून न्यूट्रलवर सोडायची खोड असेल तर घरी ठेवून ये. वाचलेल्या पेट्रोलमध्ये धड वडापाव येत नाही. ज्या गिअरवर तो चढ चढला असतास त्याच गिअरवर उतर, इंजिनच गाडी धरून ठेवतं. मागच्या ड्रम ब्रेकवर सतत पाय ठेवलास की आतला लायनर तापतो, करपल्याचा वास येतो, मग कितीही दाब, गाडी धरत नाही. वास आला की थांब. पाणी ओतू नको, आपोआप गार होऊ दे.

रस्ते: जुलै 2021च्या पावसात वरंध आणि आंबेनळी दोन्ही तुटले होते. वरंध पावसाळ्यात प्रशासन बंद करतं, कधी अवजड गाड्यांना, कधी सगळ्यांनाच. भोरला कुणाची ओळख असेल तर निघायच्या आधी फोन कर. बंद असेल तर ताम्हिणीनं माणगावला उतर. डोंगराच्या कडेनं शेवाळ असतं आणि वळणावळणावर वाहून आलेली बारीक खडी. तिथं गाडी तिरकी असताना पुढचा ब्रेक दाबलास की संपलं.

ऊनपाऊस:
काकांना +1. मी आणि मैत्रीण याच वाटेनं गेलो होतो. भोरला टाकी भरा, पुढे महाडपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. वरंधच्या माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी भजी गरम मिळते, पण माकडं टँकबॅगची चेन उघडतात. खरंच उघडतात, मैत्रिणीचा रेनकोट फांदीवर गेला.

करूळ 2024च्या जानेवारीपासून कामासाठी बराच काळ बंद होता, तेव्हा गगनबावड्याहून भुईबावड्यानं उतरायला लागायचं. आता काय परिस्थिती आहे ते तिथं विचारूनच ठरवा. कोल्हापूर भागात एकदा ऊसतोड सुरू झाली की अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो.

किकमार:
काका, मित्राला वाचायला दिलं. एसटीच्या मागच्या चाकाचं वाचून गप्प झाला, पण अजून एक शंका काढलीच: शाइनच्या मागे हळू हळू चढताना बुलेट तापणार नाही का?

लाल डबा:
चिकटून येऊन क्लच अर्धवट दाबत राहिला तर तापेल. त्याला म्हणावं, दीड-दोनशे मीटर सोडून ये, गिअर एक ठेव, क्लचवरचा हात काढ. शाइन चढाला तीस-चाळीसनं जाईल, बुलेट तेवढ्यात मजेत चढते. तू मात्र आरसे नीट लाव, आणि वळण सुटल्यावर हेडलाइट दिसला नाही तर मोकळी जागा बघून थांब.

आणि आंबोली काढून टाक. चौथ्या दिवशी कोल्हापूर ते पुणेच सव्वादोनशेच्या वर आहे. करूळ, सावंतवाडी, आंबोली त्यात कोंबलंस तर शेवटचे शंभर किलोमीटर हायवेवर अंधारात पेंगत येशील. चिपळूणला मुक्काम करणार असाल तर कुंभार्ली चारच्या आत उतरायला घ्या, खाली पोफळीला चहा घेऊन उजेडात गावात पोचाल.