फिट थांबत नाहीत: ऑपरेशनसाठी ‘शेवटचा उपाय’ म्हणून थांबायचं का?

सरळरेघ:
अपस्माराची (मिरगीची) फिट आटोक्यात येत नसली की तिसरी गोळी, मग चौथी, मध्येच कुणाच्या तरी सांगण्यावरून काढा. ऑपरेशनचं नाव काढलं की ‘मेंदूला हात लावायचा नाही’. माझं मत उलट आहे. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट येत असेल, तर त्याच वर्षी ऑपरेशनच्या दृष्टीने तपासणी व्हावी. ग्लासगोच्या २००० सालच्या अभ्यासात पहिल्या औषधाने ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्याने आणखी १३, तिसऱ्याने फक्त १. कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत ८० रुग्ण होते, त्यांच्या फिट टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागातून, सुरू होणाऱ्या. वर्षभरात शुद्ध हरपणाऱ्या फिट ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के जणांच्या थांबल्या, औषधांच्या गटात ८. दिल्लीच्या एम्सने २०१७ मध्ये मुलांवर केलेल्या चाचणीत हेच आकडे ७७ आणि ७.

खडीसाखर:
आकडे खरे, पण वर्षभराचे. लंडनमध्ये ऑपरेशन झालेल्या ६१५ प्रौढांच्या पाहणीत पाच वर्षं फिटमुक्त राहिलेले ५२ टक्के, दहा वर्षं ४७. एम्सच्या चाचणीत ऑपरेशन झालेल्या ३३ टक्के मुलांना गंभीर त्रास झाला, तेही सांगा की. आणि डाव्या टेम्पोरल लोबचा भाग काढला तर शब्द अडू शकतात. कात्री समोर असते, ‘ते... कापायचं’ इतकंच तोंडून निघतं. वकिलाने किंवा शिक्षिकेने ही किंमत का मोजावी, हे डॉक्टर ठरवणार?

सरळरेघ:
त्या ३३ टक्क्यांत बहुतेक मुलांना एका बाजूचा अशक्तपणा आला होता. अर्धा मेंदू उरलेल्यापासून तोडण्याच्या ऑपरेशनमध्ये तो आधीच धरलेला असतो, घरच्यांना सांगितलेला असतो. स्मरणशक्तीचं गणितही उलटं आहे. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस (आठवणी साठवण्याचं काम करणारा टेम्पोरल लोबमधला भाग) आक्रसलेला आणि शब्दांची आठवण आधीच कच्ची असेल, तर गमावण्यासारखं थोडं. एमआरआय स्वच्छ आणि आठवण तल्लख, तिथे धोका जास्त. म्हणून तर आधी दोन-तीन तास बसवून स्मृतीची चाचणी घेतात.

मीटरगेज:
तुम्ही दोघं ऑपरेशनवर भांडताय, गाडी त्याच्या खूप आधी अडते. औषध ‘फेल’ गेलं की रोज चुकत होतं? किशोरवयात सकाळी हात झटकणाऱ्या प्रकारात कार्बामाझेपिन हे फिटचं औषध दिलं तर झटके वाढू शकतात, तो दोष औषधाच्या निवडीचा. काहींना तर अपस्मार नसतोच.

मग व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतले विद्युत तरंग आणि रुग्णाचं चित्रण एकाच वेळी. साधारण तीन ते पाच दिवस भरती, डोक्याला तारा चिकटवलेल्या, गोळ्या हळूहळू कमी करून फिटची वाट बघायची. गोळ्या वॉर्डातच कमी करायच्या. येण्याआधी घरी बंद केल्या तर एकामागून एक फिट येऊन अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. फिट आली की नातेवाइकाने बटण दाबायचं, पांघरूण काढायचं आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हायचं. हमखास उलटं होतं. आई मिठी मारते, रेकॉर्डिंगमध्ये फक्त आईची पाठ. नाव विचारा, एक शब्द लक्षात ठेवायला सांगा, शुद्धीवर आल्यावर तो विचारा. चप्पल-कांदा हुंगवू नका. एमआरआयही अपस्मारासाठीच्या पद्धतीने हवा, पातळ काप आणि हिप्पोकॅम्पसला काटकोनात. साध्या एमआरआयच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबू नये.

खडीसाखर:
तपासणीला माझा विरोध नाहीच. पण तपासणी झाली की घरचे तारीखच धरून बसतात. लोकांना वाटतं गोळ्या सुटतील, गाडीचं लायसन्स मिळेल. गोळ्या नंतरही निदान वर्ष-दोन वर्षं चालतात, काहींच्या कायम. लायसन्सच्या अर्जात अपस्माराचा प्रश्न तसाच राहतो. दृष्टीचा वरचा एक कोपराही जाऊ शकतो, तो बऱ्याचदा लक्षातही येत नाही, पण गाडी चालवताना नडतो.

सरळरेघ:
मान्य. पण न करण्याचाही हिशोब मांडा. अपस्मारात अचानक मृत्यूचं प्रमाण प्रौढांमध्ये वर्षाला हजारात एकाच्या आसपास, रात्रीच्या मोठ्या फिट चालू असतील तर त्याहून बरंच जास्त. कॅनडाच्या त्याच चाचणीत वर्षभरात एक मृत्यू झाला, तो औषधांच्या गटात.

खडीसाखर:
हा मृत्यूचा धोका रुग्णाला कधी सांगायचा, सहीच्या आदल्या दिवशी? तेव्हा ती भीतीच होते. पहिल्या भेटीत सांगा. आणि ‘यशाचं प्रमाण ७० टक्के’ हे वाक्य नको. या एमआरआयला, या बाजूला, तुमच्याकडे आतापर्यंत किती जणांचं काय झालं, ते कागदावर लिहून द्या.

मीटरगेज:
कागदावर ‘फिट थांबली’ म्हणजे काय तेही लिहून घ्या. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होणं चालूच राहिलं, पण शुद्ध जात नाही, तर ती ‘थांबली’ धरतात.