साताऱ्यात लॉजवर एकटीने राहायचंय, खोली घेताना काय बघू?

मिरजकरीण:
ठिबक सिंचनाच्या कंपनीत नवीन नोकरी लागलीय. पुढच्या सोमवारपासून महिन्यातले चार दिवस सातारा-वाईकडे फिरती आहे. मुक्कामाचे पैसे कंपनी देते, पण हजार-बाराशेच्या वर नाही. घराबाहेर एकटी कधीच राहिले नाही. आईने आत्ताच कुलूप आणि मिरचीपूड पिशवीत भरून ठेवलीय. खोलीत गेल्यागेल्या काय बघायचं? आणि आधारची झेरॉक्स मागतात ती द्यायची का?

रात्रपाळी_सातारा:
ताई, एसटी स्टँडजवळच्या लॉजवर अकरा वर्षं रात्रपाळी केलीय, म्हणून सांगतो. काउंटरवर चार माणसं उभी असताना पोऱ्याने खोलीचा नंबर मोठ्याने पुकारला, तर सरळ दुसरी खोली मागा. लाजू नका. चांगला मॅनेजर मुकाट्याने बदलून देतो.

मग आतली कडी. ती नुसती लावून बघू नका, धरून हलवा. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात, कडी बसेना की कामगार तिचे स्क्रू सैल करून ठेवतात आणि पुढं कुणी आवळत नाही. बाहेरून एक लाथ बसली की अशी कडी पट्टीसकट निघते. हार्डवेअरच्या दुकानात दाराखाली सारायची रबरी पाचर मिळते, ती जवळ ठेवा.

सामान टाकलं की खोलीपासून जिन्यापर्यंत एकदा चालत जा, मधली दारं मोजा. आग लागली तर आधी लाईट जाते, मग धुरात भिंत चाचपत जायचं असतं. लिफ्टकडे वळायचं नाही.

ओळखपत्र द्यावंच लागतं. यूआयडीएआयच्या साईटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा, ‘फक्त मुक्कामासाठी’, आणि तारीख टाका. रात्री कुणी दार वाजवलं तर न उघडता काउंटरला फोन करून विचारा. तिथं कुणी उचललं नाही आणि माणूस हलेना, तर ११२.

विट्याची_वहिनी:
कडी बघाच, पण त्याआधी न्हाणीघर बघा. पाचगणीला आम्ही डिसेंबरात एका छोट्या लॉजवर उतरलो होतो. गिझर गॅसचा, न्हाणीघरातच टांगलेला. वरच्या झरोक्याला थंडी नको म्हणून कुणीतरी पुठ्ठा ठोकलेला. नऊ वर्षांचा मुलगा आंघोळीला गेला. पाण्याचा आवाज चालू, पण हाका मारल्या तर ओ देईना. ह्यांनी खांद्याने दार तोडलं. पोरगं भिंतीला टेकून बसलेलं, तांब्या हातात तसाच. उचलून गॅलरीत आणलं, तिथं वाऱ्यावर उलटी झाली आणि डोळे उघडले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. आजही त्याला आंघोळीला वेळ लागला की मी दारापाशी जाऊन उभी राहते.

कराडचा_मित्र:
गॅस सुटला असता तर वास आला असता ना?

विट्याची_वहिनी:
सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. हे वेगळं. कोंडलेल्या जागेत हवा कमी पडून गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं, दारापर्यंत पोचणंही होत नाही. महाबळेश्वरच्या थंडीत खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणाऱ्यांनाही हाच धोका. ताई, खोली ठरवतानाच फोनवर विचारा, गिझर कशावर चालतो आणि कुठं बसवलाय. गॅसचाच असेल तर बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार थोडा वेळ उघडं ठेवायचं, मग आंघोळ.

मिरजकरीण:
वहिनी, वाचून हात गार पडले. आज तीन लॉजना फोन केले. दोघांनी ‘गॅसचाच आहे, आजवर काही झालं नाही’ म्हणून ठेवून दिला. तिसऱ्याकडे सोलर आहे, गरम पाणी सकाळी साडेसातपर्यंतच. तीच खोली घेतली, दुसऱ्या मजल्यावर. काका, पाचरही आणली, घरच्या दाराला लावून बघितली, आईला ढकलून उघडेना.