मदत हवी आहे: हॅम रेडिओ शिकणाऱ्या तीन मुलांसाठी शांत गच्ची

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाजवळच्या आमच्या गल्लीतली तीन मुलं हॅम रेडिओच्या (हौशी लोकांनी परवाना घेऊन करायचा बिनतारी संवाद) मागे लागली आहेत. तिघांचीही १२ वर्षं पूर्ण झालीत, म्हणजे परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. आधी रिस्ट्रिक्टेड ग्रेड (परवान्याची सोपी पातळी) द्यायचं ठरलंय, तिथे मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) नाही. थिअरी मी शिकवतोय, ते जमेल.

अडचण ऐकण्याची आहे. गच्चीवर ७ मेगाहर्ट्झचा डायपोल (तारेचा अँटेना) ताणलाय, दोन्हीकडे साधारण दहा-दहा मीटर तार. पण खालीच यंत्रमाग! ते सुरू असले की रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. परवा मागांना सुट्टी होती, तेव्हा धाकटीनं पहिल्यांदा एक कॉलसाईन (स्टेशनचं ओळखचिन्ह) ऐकून वहीत उतरवला. ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू’ (म्हणजे VU2) लिहिताना पेन्सिल थरथरत होती तिची. अशा वेळी पोरांचा हुरूप टिकायला हवा हो.

जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे रविवारी सकाळी दोन तास कुणाची गच्ची मिळेल का? जवळपास कुणी परवानाधारक असतील तर त्यांनीही यावं, मुलांना प्रत्यक्ष संवाद ऐकता येईल. आणि खरखर कमी करायला फेराइटचे (चुंबकीय पदार्थाचे) मणी फीडलाइनला (अँटेनापासून रिसीव्हरपर्यंतच्या केबलला) घालावेत की रिसीव्हरच्या पॉवर सप्लायच्या वायरीला? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी जरूर सांगा.